चाकामागचं चाक

आश्विनातल्या रविवारी पहाटे साडेपाचला आमच्या शहरातला जालना रोड जवळजवळ रिकामा असतो. चिकलठाण्याचं विमानतळ मागे पडतं. केंब्रिज चौकातल्या टपरीवर पहिल्या चहाचं आधण नुकतंच ठेवलेलं असतं. पुढे शेंद्र्याकडे जाताना शेतांतून मक्याच्या ओल्या धाटांचा वास येतो. आम्ही सात जण एका ओळीत चाललेलो असतो. पुढच्याच्या सीटखालचा लाल दिवा हीच मागच्याची वाट. बोलणं फारसं होत नाही. ऑरिक औद्योगिक वसाहतीच्या रुंद रस्त्यावर वळलो की आम्ही थांबतो, पाण्याचा घोट घेतो, चाकांतली हवा अंगठ्याने चाचपतो आणि एका मोकळ्या भूखंडाभोवती फिरायला लागतो.

चार वळणं, सव्वा किलोमीटर. पुन्हा चार वळणं, पुन्हा सव्वा किलोमीटर.

या अंकासाठी संपादकांनी 'वर्तुळ' हा विषय दिला, तेव्हा मला हा चौकोन आठवला. कागदावर तो चौकोन आहे, पण ताशी पस्तीसच्या वर गेलं की त्याचे कोपरे विरघळतात आणि सायकलखाली एक सलग वाकण तयार होते. बंद रस्त्यावर, छोट्या वळसेदार मार्गावर, ठरलेल्या फेऱ्यांची सायकल शर्यत असते. तिचं नाव क्रायटेरियम. सायकलवाले नुसतं 'क्रिट' म्हणतात. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमांत फेरीची लांबी ८०० मीटर ते १० किलोमीटर सांगितली आहे. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा एक-दोन किलोमीटरची असते. शेंद्र्यात आम्ही करतो ती शर्यत नव्हे. रस्ता सार्वजनिक आहे, म्हणून आम्ही डावी बाजू सोडत नाही, शेवटी जिंकायला धावत नाही. हा फक्त सराव. खऱ्या क्रिटसाठी आम्हाला अजून शहर सोडून बाहेरगावी जावं लागतं.

सातांतला सर्वांत लहान अडतीस वर्षांचा, वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. एक ताई शाळेत गणित शिकवतात. सर्वांत वडील एकसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी एक्कावन्नचा. अण्णांचं खरं नाव मला पहिले तीन महिने माहीत नव्हतं. त्यांचं मागचं चाक मात्र पाठ होतं.

जत्रेतला सायकलवाला

गोल फिरणारी सायकल मी पहिल्यांदा पाहिली ती पैठण तालुक्यातल्या आमच्या गावी, शाळेच्या मैदानात. चार बांबू रोवलेले, दोरी बांधलेली, एका कोपऱ्यात भोंगा. सात दिवस सायकलवरून न उतरणारा माणूस आला होता. तो सायकलवरच भाकरी खायचा, सायकलवरच दाढी करायचा, चालत्या सायकलवर अंगावर बादली ओतून घ्यायचा. पाय जमिनीला लागला की खेळ संपला, एवढा एकच नियम. रात्री आम्ही पोरं अंथरुणात पडून भोंग्यावरची गाणी ऐकायचो. गाणी चालू आहेत म्हणजे तो अजून फिरतोय. सातव्या दिवशी गावाने त्याच्या सदऱ्याला नोटा टाचल्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी असा कोणीतरी पाहिलेला आहे. त्याची नोंद कुठल्याही क्रीडा संघटनेकडे नसेल, पण गोल फिरणाऱ्या सायकलीकडे बघत उभं राहण्याची सवय आपल्याला त्याने लावली.

बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात क्रिटसारख्या छोट्या शर्यतींना 'कर्मिस' म्हणतात. शब्दाचं मूळ चर्चच्या उत्सवात आहे. सरळ मराठीत सांगायचं तर जत्रा. गावच्या जत्रेच्या दिवशी चर्चभोवतीच्या रस्त्यांवर शर्यत लागते, लोक अंगणात खुर्च्या टाकून बसतात आणि तेच सायकलस्वार काही मिनिटांनी पुन्हा त्यांच्या दारावरून जातात. टूर द फ्रान्स संपल्याच्या आठवड्यात तिथले नामवंत आजही आल्स्टसारख्या गावात येऊन अशा फेऱ्या मारतात. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सॉमरव्हिलची शर्यत १९४०पासूनची. पहिली दोन वर्षं फर्मन कुगलर जिंकला, १९४२ला कार्ल अँडरसन. दोघेही दुसऱ्या महायुद्धात मारले गेले आणि शर्यत त्यांच्या स्मृतीला वाहिली गेली. गाव दरवर्षी त्या दोघांची आठवण आपल्याच मुख्य रस्त्यावर फेऱ्या मारून काढतं.

आमच्या सरावाच्या चौकोनापासून थोड्याच अंतरावर शेंद्रा कमंगर आहे. तिथे चैत्रात मांगीरबाबांची मोठी यात्रा भरते. जत्रा आणि फेरी यांचं नातं इथल्या मातीला नवं नाही.

वाऱ्याचं गणित

क्रिट समजून घ्यायची तर आधी हवा समजून घ्यावी लागते. सपाट रस्त्यावर ताशी चाळीसने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक सगळी शक्ती हवा बाजूला सारण्यात जाते. गणिताच्या ताईंनी मला ते एकदा टपरीवरच्या बाकड्यावर बोटाने लिहून दाखवलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. तीसचा वेग चाळीस करायचा तर हवेविरुद्धची शक्ती जवळजवळ २.४ पट लागते. पन्नाशीतल्या पायांना ही २.४ पट एकट्याने फार वेळ पेलत नाही.

म्हणून पुढच्याचं चाक धरायचं. त्याच्या मागे वीतभर अंतरावर राहिलं की हवा फाडण्याचं काम तो करतो आणि आपल्या वाट्याचा जवळपास तिसरा हिस्सा वाचतो. घोळका मोठा असला तर बचत विलक्षण वाढते. आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठातले बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्याला एकट्या स्वाराच्या अवघा ५ ते १० टक्के हवेचा विरोध सोसावा लागतो, असं त्यात दिसलं. आमच्या सातांच्या ओळीत एवढं सुख कुठलं, पण शेंद्र्याच्या उघड्यावर पश्चिमेचा वारा सुटला की अण्णांच्या पाठीमागची वीतभर जागा घरासारखी वाटते.

ही जागा फुकट मिळत नाही, ती विश्वासावर मिळते. वीतभर अंतरावर मागे चाललेल्याला पुढचा रस्ता दिसतच नाही. खड्डा आला की पुढच्याने बोटाने दाखवायचा, गिट्टी पसरली असेल तर तळवा हलवायचा, उभं राहून पेडल मारताना सायकल मागे ढकलली जाऊ द्यायची नाही, आणि काहीही झालं तरी एकदम ब्रेक दाबायचा नाही. आपली रेघ सोडायची नाही. ज्याची रेघ हलते त्याच्या मागे कोणी राहत नाही. शर्यतीत हे सगळं अनोळखी माणसांबरोबर करायचं असतं, कोपराला कोपर लागत असताना, आणि ज्यांना हरवायचं आहे त्यांच्याच भरवशावर. मला या खेळातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

वळण

सव्वा किलोमीटरच्या २४ फेऱ्या म्हणजे ३० किलोमीटर. फेरीला चार वळणं धरली तर ९६ वळणं. ताशी अडतीसच्या सरासरीने हे पाऊण तासात उरकतं. म्हणजे सरासरी दर अर्ध्या मिनिटाला एक वळण येतं, आणि तिथेच क्रिट जिंकली किंवा हरली जाते.

वळण घ्यायचं शास्त्र मी अण्णांकडून शिकलो. त्यांनी पहिल्या दिवशी मला सायकलवर बसूच दिलं नाही. कोपऱ्यावर उभं केलं आणि म्हणाले, "आधी बघा. रस्ता कुठून वळतोय ते नका बघू, कुठे सुटतोय ते बघा." बाहेरच्या कडेने यायचं, आतल्या टोकाला स्पर्श करून पुन्हा बाहेर निघायचं. ब्रेक लावायचा तो वळणाआधी, सायकल सरळ असताना. एकदा ती झुकली की बोटं ब्रेकवरून सैल. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि त्यावर अंगाचा भार. आतलं पेडल वर, नाहीतर ते रस्त्याला घासतं. वीस मीटर त्रिज्येचं वळण ताशी चाळीसने घेतलं तर सायकल आणि माणूस मिळून उभ्या रेषेपासून तिसेक अंश कलतात. त्या कलण्यात टायरचा रस्त्याला टेकलेला भाग अंगठ्याएवढा असतो.

घोळक्यात याला आणखी एक पदर असतो. पहिला स्वार वळणात थोडा मंदावतो, दुसरा थोडा जास्त, दहाव्याला जवळजवळ थांबावं लागतं. वळण संपल्यावर पहिला सहज निघून जातो आणि दहाव्याला उभं राहून जीव तोडून तेच अंतर भरून काढावं लागतं. रबर ताणतं, सुटतं, पुन्हा ताणतं. शेपटीला राहणारा माणूस म्हणजे ९६ वळणांना ९६ वेळा धावणारा माणूस. पुढच्या पाच-सहांत राहणाऱ्याला त्याच्या निम्मीही धाप लागत नाही. विशीतला मुलगा शेपटीला राहूनही शेवटी जोर काढू शकतो. आमच्या वयाच्या माणसाला ते परवडत नाही. त्याने जागा राखली पाहिजे. कोण वळणात घाबरतो, कोण आत घुसतो, कोणाच्या चेनचा आवाज बदलला म्हणजे तो आता गिअर टाकून उठणार, हे त्याने वाचलं पाहिजे. क्रिटमध्ये वयाला किंमत आहे ती या वाचनामुळे.

माझी पहिली खरी शर्यत दुसऱ्या एका शहरात झाली. चाळिशीच्या वरच्यांचा गट. सकाळी सहाला रस्त्यावर कठडे लागलेले, कोपऱ्यांवर पेंढ्याच्या गाठी, आणि आरंभरेषेवर एका टेबलावर पितळी घंटा. अकराव्या फेरीपर्यंत मी छान होतो, पहिल्या आठांत. तिसऱ्या वळणावर कडेची बारीक वाळू मला दिसली आणि अण्णांनी सांगितलेलं सगळं विसरून मी झुकलेल्या सायकलवर ब्रेक दाबला. पुढचं चाक गेलं. डावी मांडी, कोपर, हनुवटी. चूक माझी होती. वाळू बाकीच्या सगळ्यांनीही पाहिली होती.

मी फुटपाथवर बसलो. शर्यत संपली असं धरून हेल्मेटचा पट्टा सोडायला लागलो. तेवढ्यात वळणावरचा स्वयंसेवक, विशीतला मुलगा, धावत आला. त्याने आधी माझ्या डोळ्यांसमोर बोटं धरली, नाव-गाव विचारलं, मान हलवून दाखवायला लावली. मग चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "काका, डोकं आपटलं नाही ना? मग उठा. तुमचा घोळका येतोय."

नियम मी वाचला होता, पण तो माझ्यासाठीही आहे हे कळलं नव्हतं. क्रिटमध्ये पडलेल्याला, पंक्चर झालेल्याला किंवा सायकल मोडलेल्याला, शेवटच्या काही फेऱ्या सोडून, एक फेरी माफ असते. पंचांनी अपघात मान्य केला की घोळका फिरून येईपर्यंत थांबायचं आणि होतो त्याच जागी पुन्हा मिसळायचं. रस्ता सरळ असता, मुंबईहून पुण्याला जाणारा असता, तर ती माणसं केव्हाच घाटात शिरली असती आणि मी कडेला गाडीची वाट बघत बसलो असतो. इथे दोन मिनिटं पुरली. वळणापलीकडून चेनींचा आवाज आला, मग रंग दिसले, पंचाने माझ्या पाठीला हात लावून मला ढकललं आणि मी पुन्हा आत होतो. शेजारचा अनोळखी स्वार माझ्या रक्ताळलेल्या कोपराकडे बघून एवढंच म्हणाला, "या."

त्या दिवशी मी सतरावा आलो.

पस्तिशीनंतर

मास्टर्स गट साधारण पस्तिशीपासून सुरू होतो आणि पुढे पाच-दहा वर्षांच्या पायऱ्यांनी चढत जातो. शर्यतीचं वय वाढदिवसावर मोजत नाहीत. चालू सालातून जन्मसाल वजा करतात. डिसेंबरात जन्मलेला माणूस जानेवारीतच एक वर्षाने मोठा होतो.

शरीराचं काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हृदयाच्या ठोक्यांची कमाल दर वर्षी थोडी उतरते. प्राणवायू वापरण्याची क्षमता बैठ्या माणसात दर दशकाला सुमारे दहा टक्क्यांनी घटते; जोरकस व्यायाम चालू ठेवणाऱ्यांत ही घट बरीच कमी राहते. झटक्याने आकुंचन पावणारे स्नायुतंतू आधी जातात, म्हणून शेवटच्या दोनशे मीटरचा झपाटा कमी होतो. आणि थकवा उतरायला वेळ लागतो. रविवारच्या सरावाचा भार माझ्या मांड्यांतून बुधवारी उतरतो.

तरी रॉबेर मार्शांची गोष्ट मी विसरू शकत नाही. या फ्रेंच गृहस्थांनी २०१४मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी, एका तासात २६.९२७ किलोमीटर सायकल चालवली. व्हेरोनिक बिया या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना सराव आखून दिला होता. शंभरी ओलांडल्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता १३ टक्क्यांनी वाढली. ४ जानेवारी २०१७ला, १०५ वर्षांचे असताना, त्यांनी पुन्हा तासाचा विक्रम केला, २२.५४७ किलोमीटरचा. त्यांचं वय आणि त्यांचा आकडा आमच्या गटातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे.

आमचा सराव संसारातून चोरलेल्या वेळात होतो. वाळूजचा मित्र रात्रपाळी संपवून थेट येतो. ताई परीक्षांच्या महिन्यात दिसत नाहीत. आठवड्यातून एक दिवस दौलताबादचा घाट: पडेगाव, शरणापूर, किल्ल्याची तटबंदी, दगडी दिल्ली दरवाजातून पुढे, आणि मग खुलताबादकडे चढ. दरवाजाच्या कमानीखाली एका वेळी एकच मोठी गाडी जाऊ शकते, म्हणून तिथे आम्ही उतरतो आणि बससाठी वाट सोडतो. पावसाळ्यानंतर कधी त्याच रस्त्याने पुढे म्हैसमाळ. पण क्रिटसाठी घाटाइतकाच उपयोग होतो तो शेंद्र्याच्या कोपऱ्याचा. एकच वळण, चाळीस वेळा.

आणि सायकल. शहागंजाकडचा आमचा मिस्त्री तिसाव्या वर्षापासून तारा आवळतोय. कार्बनची सायकल त्याने आमच्यामुळेच पहिल्यांदा हातात घेतली. त्या शर्यतीत पडल्यानंतर माझं चाक त्याने उलटं टांगलं, ब्रेकजवळ नख धरलं, चाक फिरवलं आणि नखाला रिम कुठे लागतो ते डोळे मिटून ऐकत आउट काढला. "सर, अब हाथ छोड के चलाव," म्हणाला. मी गल्लीत हात सोडून चालवून पाहिली. सरळ गेली.

लांब पल्ल्याचं कौतुक

महाराष्ट्राने सायकलवर प्रेम केलंय ते मुख्यतः अंतरासाठी. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, आणि हा किताब कित्येकदा शर्यतीच्या विजेत्यापेक्षा जास्त लक्षात राहतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्याने केली. यांतले बहुतेक नोकरीधंदा सांभाळणारे, घरसंसारी लोक होते, आणि त्यांना बघून हजारो मध्यमवयीन माणसं सायकलवर बसली. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात लांब अंतर पार करायच्या सफरी, तर आता गावोगावी होतात: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत. मीही २०० आणि ३०० केले आहेत. त्यात वारीचा गुण आहे, शेवटी पोचायचं एवढंच असतं, आणि पोचलेला प्रत्येक जण सारखा.

छोट्या, जलद, गोल शर्यतीला आपल्याकडे हे प्रेम अजून मिळालेलं नाही. बेंगळुरूत 'बेंगलोर बायसिकल चॅम्पियनशिप्स' ही हौशी शर्यतींची मालिका दशकाहून जास्त काळ चालते आहे. तिथे महिन्यातून एखाद्या रविवारी आपापल्या गटात उतरता येतं. जानेवारी २०२६मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटर, परदेशी संघ, दुतर्फा शाळकरी मुलं. ती बघायला आम्ही सातही जण गेलो होतो. घोळका आला, एक गार झुळूक अंगावरून गेली, रंग गेले. नंतर रस्ता मोकळा झाला आणि शेजारच्या आजींनी मला विचारलं, "परत येतील का?"

एक तास, एक चौक

क्रिटला लागतं फार थोडं. एक-दीड किलोमीटर डांबर, खड्ड्यांशिवाय. एका बाजूने दोन तास बंद. कोपऱ्यांवर खराट्याने वाळू झाडणारी माणसं, प्रत्येक वळणावर शिट्टी आणि झेंडा घेतलेला स्वयंसेवक, आत-बाहेर सहज येऊ शकेल अशी रुग्णवाहिका, फेऱ्या मोजणारे दोघे आणि एक घंटा. फेरी चुकलेल्याला, म्हणजे घोळक्याने मागून गाठलेल्याला, वेळीच बाहेर काढणारा खमका पंच. मधल्या एखाद्या फेरीला घंटा वाजवून छोटं बक्षीस लावलं की मागे पडलेल्यांनाही धावायला कारण मिळतं. बघणाऱ्याला तिकीट नाही, दुर्बीण नाही. दर दोन मिनिटांनी सगळे परत येतात.

या शहराकडे असे चौकोन आहेत. बजाजच्या वाळूज कारखान्यापासून इथली चाळीस वर्षांची कमाई दोन चाकांवर झाली, आणि सायकलने कामावर जाणाऱ्या कामगारांच्या रांगा जालना रोडने पाहिल्या. ऑरिकचे रस्ते आखतानाच सायकलसाठी जागा सोडलेली आहे. विद्यापीठाच्या आवारात झाडांखालून जाणारे रस्ते आहेत, तिथेच भारतीय खेळ प्राधिकरणाचं केंद्रही आहे. पण माझं मन आहे सिडकोतल्या कॅनॉटवर. मधे बाग, भोवती दुकानं, भोवती रस्ता. रविवारी सकाळी सात ते नऊ शटर बंद असतात. तेवढे दोन तास गाड्या हलवल्या, गतिरोधकांचा काही विचार केला, तर बागेच्या कट्ट्यावर बसून आख्खं शहर शर्यत बघू शकेल. कुणीतरी आजी विचारतील आणि त्यांना सांगता येईल, हो, येतील.

मी हे संबंधितांना सांगितलं आहे. पुन्हा सांगेन.

परवाच्या रविवारी शेंद्र्यात धुकं होतं. पंधरा फेऱ्या झाल्या. मी अण्णांच्या मागे, नेहमीच्या जागी. सोळाव्या फेरीला, तिसऱ्या वळणाच्या आधी, त्यांनी उजवं कोपर बाहेर काढून हलवलं. म्हणजे मी बाजूला होतोय, पुढे ये. एवढ्या वर्षांत त्यांनी वळणाआधी कधी पुढची जागा सोडली नव्हती. मी पुढे झालो. अंगावर वारा आला, थंड आणि सगळा. समोर लाल दिवा नव्हता, फक्त कोपरा होता, आणि त्याच्यापलीकडे रस्ता सुटत होता तिकडे मी बघितलं. बाहेरचं पेडल खाली, बोटं सैल. वळण संपताना मागे कान दिला. वीतभर अंतरावर त्यांच्या फ्रीव्हीलची टिकटिक येत होती.

मी उजव्या हाताचं बोट खाली करून खड्डा दाखवला.